चार मिलिमीटरची साक्ष

(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पॅथॉलॉजिस्टला व्याख्यानाला बोलावण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. पेशंट आम्हाला पाहत नाही, आम्हीही बहुधा त्याला पाहत नाही. रिपोर्टच्या तळाशी असलेल्या सहीपुरती आमची ओळख. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी तरी आग्रह धरला, म्हणून मी मुद्दाम लहानसा विषय घेतला आहे : कातडीचा चार मिलिमीटरचा तुकडा, आणि त्यावरून ओळखू येणारे, साऱ्या शरीरात पसरलेले आजार.

यातले बरेच आजार दुर्मीळ आहेत. पण 2011 च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची वस्ती 18 लाखांहून अधिक होती आणि कल्याण-डोंबिवलीची 12 लाखांहून अधिक. लाखात एकाला होणारा आजार धरला तरी आपल्या या दोन महापालिकांच्या हद्दीत त्याची तीस माणसं असणार, आणि मधल्या वर्षांत वस्ती वाढलीच आहे. ही माणसं कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात बाकावर बसलेली असतात. त्यांच्या आजाराला नाव मिळालेलं नसतं, एवढंच.

एक आजार आधी सांगते. साठीच्या पुढचा माणूस. ताप उतरत नाही, वजन घटत चाललंय, मधूनच बोलणं अडखळतं. मलेरिया, टायफॉइड, टीबी, सगळं तपासून झालंय. सीटी स्कॅनमध्ये गाठ कुठेच नाही. रक्तात एलडीएच नावाचं विकर मात्र भलतंच वाढलेलं. अशा माणसाच्या मांडीवरची, पोटावरची, दंडावरची कातडी तपासायची. त्या कातडीवर ना डाग, ना पुरळ, ना सूज. दिसायला ती तुमच्या-माझ्या कातडीसारखीच असते. पण खालच्या चरबीपर्यंत जाणारा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर एखाद्या वेळी बारीक रक्तवाहिनीच्या पोकळीत मोठ्या, गडद केंद्रकाच्या पेशी दाटीवाटीनं अडकलेल्या दिसतात. हा लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर. नाव इंट्राव्हॅस्क्युलर लार्ज बी-सेल लिम्फोमा. तो गाठ बांधत नाही, रक्तवाहिन्यांच्या आतच राहतो, म्हणून स्कॅनला चुकवतो. 1959 साली ऑस्ट्रियातल्या फ्लेगर आणि टापायनर यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. धडधाकट दिसणाऱ्या कातडीचे तुकडे घेऊन त्याचा शोध घ्यायची पद्धत जपानमधल्या डॉक्टरांनी विशेष रूढ केली. वेळेवर कळला तर केमोथेरपी आणि रिटुक्सिमॅबला तो दाद देतो. पूर्वी तो बहुतेक वेळा शवविच्छेदनातच कळायचा.

मेंदू, मूत्रपिंड, हृदय यांचे तुकडे काढणं सोपं नाही, जोखमीचं आहे. कातडी हाताशी आहे. तिच्यात रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत, संयोजी ऊतक आहे, घामाच्या ग्रंथी आहेत. जे साऱ्या शरीरात चाललंय, त्याचा काही भाग तिथे उमटतो. कॅडासिल नावाचा आनुवंशिक आजार आहे, ज्यात चाळिशी-पन्नाशीतच अर्धांगाचे झटके येऊ लागतात. आजार मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा, पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दंडाच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर त्याचे काळे कण दिसू शकतात. फॅब्री नावाच्या आजारात मूत्रपिंड आणि हृदय खराब होतं. 1898 साली जर्मनीत योहान्स फॅब्री आणि इंग्लंडमध्ये विल्यम अँडरसन या दोघांनी एकमेकांचा पत्ता नसताना त्याची नोंद केली, ती कातडीवरच्या लालसर-काळ्या ठिपक्यांवरून.

आता आपल्या घरच्या माणसाकडे वळते. या विषयावर महाराष्ट्रात बोलताना डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जन्म 1895, निधन 1978. लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम.डी. 1923 ची. मुंबईत त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि केईएमशी जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवलं. 1941 साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाल्यावर तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं त्यांच्या हाती आली. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांना मान आहे, आणि तो सार्थ आहे.

त्यांचं दोन ठिकाणचं काम मला आजच्या विषयासाठी हवं आहे. पहिलं 1945 चं. डॉ. सूर्याबाईंसोबत लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी भारतीय माणसांच्या सवयींशी जोडलेले कॅन्सर मांडले. त्यातला एक कमरेच्या कातडीचा. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळून नेसल्यानं तिथली कातडी घासते, काळवंडते, आणि काहींना तिथे कॅन्सर होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो इतर कुठल्याही स्क्वेमस कॅन्सरसारखाच दिसतो. फरक कळतो तो माणूस काय नेसतो, कुठे गाठ मारतो, हे विचारल्यावर. म्हणजे प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाने पेशंटच्या कमरेपर्यंत जाऊन चौकशी केली होती. माझ्या मते त्या निबंधाचं मोठेपण यात आहे.

दुसरं काम कुष्ठरोगाचं. 1951 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सुरुवातीच्या चट्ट्यांच्या सूक्ष्मरचनेवरचा अहवाल प्रसिद्ध केला. खानोलकरांचं म्हणणं असं, की हा जंतू कातडीत शिरला की मज्जातंतूंच्या बारीक फांद्या गाठतो. कातडीवर डाग दिसण्याआधी एक मुका काळ असतो, आणि त्या काळातही तंतूंमध्ये जंतू असू शकतात. मुंबईत त्याच सुमारास, कुष्ठरुग्णांच्या घरातल्या वरकरणी निरोगी माणसांच्या कातडीतही जंतू सापडल्याच्या नोंदी झाल्या. निरोगी दिसणाऱ्या कातडीत आजार शोधायचा हा विचार आपल्या मुंबईत तेव्हाच रुजला होता. पुढे 1958 साली परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतकातून एक जंतू वाढवला गेला, त्याला सेंटरच्याच नावावरून आयसीआरसी जंतू म्हणतात. त्या कामात खानोलकरांसोबत संशोधक कमल रणदिवे होत्या. त्यापासून लसही तयार झाली. तो सगळा इतिहास स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

खानोलकरांच्या त्या तंतूंचा उपयोग मी रोज करते. स्लाइडवर ग्रॅन्युलोमा दिसला, म्हणजे संरक्षक पेशींचा घट्ट पुंजका दिसला, की आपल्या देशात तीन नावं आधी डोळ्यांसमोर येतात : टीबी, कुष्ठरोग आणि सारकॉइडोसिस. टीबी आणि कुष्ठरोग जंतूंचे आजार. सारकॉइडोसिस हा फुप्फुसं, डोळे, कधी हृदयही धरणारा, आपल्याकडे कमी वेळा निदान होणारा आजार, त्यात जंतू सापडत नाही. एकीकडे अँटिबायोटिक्स, दुसरीकडे स्टिरॉइड. नाव चुकलं तर औषध उलटं पडतं. मग मी पुंजक्यात मज्जातंतू शोधते. तंतू त्या पुंजक्यानं गिळलेला, चिरफाळलेला दिसला, तर कुष्ठरोग. पुंजक्याशेजारी तंतू शाबूत असेल तर दुसरीकडे पाहायचं. साध्या रंगात तंतू ओळखू आला नाही तर एस-100 नावाचं स्टेन लावून त्याचे उरलेले धागे पाहते.

जंतू पाहण्याचीही एक रीत आहे, आणि ती सांगताना मला नेहमी आनंद होतो. टीबीच्या जंतूसाठी जी नेहमीची झील-नील्सन पद्धत आहे, तिच्यात कुष्ठरोगाचा जंतू अनेकदा आपला लाल रंग सोडून देतो, कारण त्याचं मेणचट आवरण नाजूक असतं. म्हणून फाइट पद्धतीत काचेवरच्या ऊतकाला आधी झायलिन आणि शेंगदाण्याचं तेल यांच्या मिश्रणात ठेवतात. तेलानं ते आवरण सांभाळलं जातं, आम्ल सौम्य वापरतात, आणि मग निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांचे जुडगे दिसू लागतात. आमच्या टेक्निशियन बाई त्या मिश्रणाची बाटली रंगांच्या कपाटात सगळ्यात पुढे ठेवतात. पण ही रीत प्रत्येक तुकड्यावर आपोआप होत नाही. कुणाला तरी शंका यावी लागते.

शंका का येत नाही, ते सांगते. डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट आपण गाठलं. बहुविध औषधोपचार 1982 पासून जगभर सुरू झाला, त्याचं हे मोठं यश. पण लोकांनी, आणि डॉक्टरांनीही, त्याचा अर्थ आजार संपला असा घेतला. आजही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, आणि ठाणे-पालघरचा आदिवासी पट्टा त्यात आहे. कल्याणला पत्रीपुलाच्या अलीकडे-पलीकडे रोज ये-जा करणाऱ्यांना कचोऱ्याची हनुमाननगर वसाहत ठाऊक असेल. तिथल्या कुष्ठरुग्ण कुटुंबांसाठी आयुष्य घालवणारे डोंबिवलीचे माजी नौसैनिक गजानन माने यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. आपल्या दाराशी हे सगळं आहे.

कुष्ठरोग अनेकदा दुर्मीळ आजाराचं सोंग घेऊन येतो. पेशंटला ताप येतो, सांधे सुजतात, हातापायांवर दुखऱ्या लाल गाठी उठतात, लघवीत प्रथिनं जातात. रक्ताच्या तपासणीत एएनए पॉझिटिव्ह, आरए फॅक्टरही पॉझिटिव्ह. कागदावर हा ल्युपस दिसतो, नाहीतर संधिवात, नाहीतर रक्तवाहिन्यांचा दाह. महिनोन्महिने स्टिरॉइड चालू राहतं. डोस कमी केला की गाठी पुन्हा उठतात. अशाच एका पेशंटचा तुकडा आमच्याकडे आला होता, ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील गाळते. फॉर्मवर फक्त ‘व्हॅस्क्युलायटिस?’ एवढं लिहिलेलं. काचेवर रक्तवाहिनीभोवती पांढऱ्या पेशी होत्या हे खरं, पण मधूनमधून फेसाळ, फिकट पेशींचे ढीगही होते. फाइट केल्यावर तुटक्या, दाणेदार लाल जंतूंनी ते ढीग भरलेले निघाले. ही कुष्ठरोगातली प्रतिक्रिया, इरिथिमा नोडोसम लेप्रोसम. रेफर करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “पायावर एक जुना बधिर चट्टा आहे म्हणतो खरा.” तो चट्टा पेशंटने पहिल्याच दिवशी सांगितला होता. फॉर्मवर आला नव्हता.

मला आज जे सांगायचं आहे ते इथे आहे. तुकड्याला नेमका प्रश्न विचारला तरच तो नेमकं उत्तर देतो, आणि तो प्रश्न पेशंटच्या तोंडून येतो. फॉर्मवरची एक ओळ सूक्ष्मदर्शकाइतकीच कामाची असते.

अमायलॉइडोसिसचं उदाहरण घ्या. शरीरात एक प्रथिन चुकीच्या घडीनं दुमडतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, हृदयात, मूत्रपिंडात साचत जातं. जीभ जाड होते, मनगटात मुंग्या येतात, खोकला आला की डोळ्यांभोवती जांभळे डाग उमटतात. नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात हे साठे नुसते फिकट गुलाबी दिसतात, घाईत सहज नजरेतून सुटतात. ते पाहायला काँगो रेड लावावं लागतं, आणि त्यासाठी नेहमीच्या चार-पाच मायक्रॉनऐवजी आठ-दहा मायक्रॉन जाडीचा काप कापावा लागतो. ध्रुवित प्रकाशात मग तो साठा हिरव्या सफरचंदाच्या रंगानं चमकतो. बेल्जियमच्या पॉल डिव्हरी यांनी 1927 साली ही हिरवी चमक दाखवून दिली. आता, जाड काप घ्या असं टेक्निशियनला कोण सांगणार? फॉर्मवर ‘जीभ जाड, लघवीत प्रथिनं’ असं असेल तर मी सांगेन. ‘रॅश’ एवढंच असेल तर काप पातळच कापला जाईल.

याच आजाराची दुसरी बाजूही आपल्याकडे रोज भेटते. पाठीवर, दंडावर राखाडी-तपकिरी, रेघारेघांचे डाग. त्यांना मॅक्युलर अमायलॉइडोसिस म्हणतात. वर्षानुवर्षं नायलॉनच्या घासणीनं पाठ खसाखसा घासणाऱ्यांत हे खूप दिसतं. इथला अमायलॉइड कातडीच्या वरच्या थरातल्या केरॅटिनपासून बनतो, कातडीतच राहतो, हृदयाशी त्याचा काही संबंध नाही. पण रिपोर्टवर ‘अमायलॉइड’ वाचून घरचे इंटरनेटवर शोधतात आणि रात्रभर झोपत नाहीत. म्हणून साठा कुठल्या थरात आहे आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती स्वच्छ आहेत की नाहीत, हे स्पष्ट मराठीत नाही तर निदान सोप्या इंग्रजीत रिपोर्टवर लिहिणं हे आमचं कर्तव्य आहे. आमच्यापैकी फार थोडे ते करतात, आणि हे मला खटकतं.

तुकडा कधी घ्यायचा आणि कशात ठेवायचा, हेही तितकंच महत्त्वाचं. मुलाच्या पायांवर अचानक हाताला लागणारे जांभळे ठिपके उठतात, पोटात दुखतं, घोटे सुजतात. बहुधा हा आयजीए व्हॅस्क्युलायटिस. तो मूत्रपिंडाला इजा करतो की नाही, यावर पुढे महिनोन्महिने लक्ष ठेवावं लागतं. लहान मुलात चित्र स्पष्ट असेल तर तुकडा घ्यावाही लागत नाही. पण मोठ्या माणसात किंवा शंका असेल तर घ्यावा, आणि एक-दोन दिवसांच्या आतल्या ताज्या ठिपक्यातून घ्यावा. ठिपका जुना झाला की रक्तवाहिनीतला आयजीए, म्हणजे तिथे साचलेलं प्रतिद्रव्य, पेशी खाऊन टाकतात आणि तपासणी नकारार्थी येते. तो आयजीए दिसतो इम्युनोफ्लुरोसन्समध्ये, अंधाऱ्या खोलीत, हिरव्या चकाकीनं. आणि त्यासाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की संपलं. तो मायकेल मीडियममध्ये ठेवायचा, किंवा सलाइनमध्ये भिजवून लगेच पाठवायचा. ल्युपसच्या निदानात मदत करणारी, 1963 साली पहिल्यांदा वर्णिलेली कातडीतली पट्टीसुद्धा याच तपासणीत दिसते.

आपल्या पट्ट्यात इथेच गाडी अडते. बहुतेक दवाखान्यांत इम्युनोफ्लुरोसन्सची सोय नाही. सँपल गोळा करणारा मुलगा संध्याकाळी पाठीवर बॅग घेऊन डोंबिवलीहून गाडी पकडतो, तुकडा दादर-परळकडे जातो. सवयीनं नर्सने तो फॉर्मलिनमध्येच टाकलेला असतो. मीडियमची बाटली आधी मागवून ठेवली असती तर काम झालं असतं. चार दिवसांनी ‘सँपल अयोग्य’ असा रिपोर्ट येतो, तोवर पायावरचे ठिपकेही मावळलेले असतात. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाला असा तुकडा तीनदा द्यावा लागला. ते हॉस्पिटल कोणतं हे मी इथे सांगणार नाही, पण दोष तुकडा देणाऱ्याचा नव्हता.

बायॉप्सी म्हटलं की घरात ‘कॅन्सर’ हा शब्द फिरू लागतो, आणि ‘सुरी लावली की रोग पसरतो’ असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. कातडीची बायॉप्सी म्हणजे जागा बधिर करण्याचं इंजेक्शन, पेन्सिलीएवढ्या गोल पात्याचा एक फिरका, एखाददुसरा टाका. दहा मिनिटांचं काम. रोग पसरत नाही. सावधगिरी लागते ती काही ठरावीक ठिकाणी. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या पायावर, पोटावर काळपट, असह्य दुखणारे चट्टे असतील तर ते कॅल्सिफायलॅक्सिस असू शकतं, आणि तिथे बायॉप्सीची जखम भरून येईल याची खात्री नसते. तिथे कापण्याआधी चार डॉक्टरांनी एकत्र बसावं. शिवाय कातडी प्रत्येक वेळी बोलतेच असं नाही. कित्येक रिपोर्ट ‘अनिर्णित’ म्हणून जातात, आणि असा रिपोर्ट देण्यात कमीपणा नाही. ओढूनताणून दिलेलं नाव पेशंटला जास्त महाग पडतं.

नाव मिळण्याला आता पैशाचाही संदर्भ आहे. केंद्र सरकारने 2021 साली दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आणलं. त्यात ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक परळचं केईएम हॉस्पिटल आहे, म्हणजे आपल्या मध्य रेल्वेच्याच वाटेवर. धोरणात बसणाऱ्या आजारांसाठी 50 लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण त्या दारापर्यंत जायला हातात पक्कं निदान लागतं. ‘रॅश, कारण माहीत नाही’ या कागदावर काही मिळत नाही.

म्हणून शेवटी थोडी मागणी करते. इथे बसलेल्या माझ्या डॉक्टर मित्रांना : फॉर्मवर वय आणि लिंग यापुढे तीन ओळी लिहा. चट्टा किती दिवसांचा, बधिर आहे का, ताप, सांधे, लघवी, कोणती औषधं चालू आहेत, तुम्हाला कशाची शंका आहे. दवाखान्यात मायकेल मीडियमची एक बाटली ठेवा आणि नर्सला तिचा उपयोग समजावून सांगा. शक्य झालं तर चट्ट्याचा फोटो पाठवा, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. महिन्यातून एकदा ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी आणि पॅथॉलॉजिस्टांनी एकत्र बसून अवघड स्लाइडी पाहाव्यात. त्याला सभागृह लागत नाही, दोन बाजूंनी दोघांना पाहता येईल असा एक सूक्ष्मदर्शक पुरतो.

आणि पेशंट म्हणून तुम्हा सर्वांना : बायॉप्सीचा रिपोर्ट फाइलमध्ये नीट जपा. मेणात बसवलेला तुमच्या कातडीचा ब्लॉक लॅबमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेला असतो. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत हवं असेल तर तो किंवा त्याच्या स्लाइडी मागा, मागताना संकोच करू नका. त्या ब्लॉकमधून पुन्हा काप निघतो, पुन्हा रंग चढवता येतो. अंगावर बधिर चट्टा दिसला तर महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्या माणसापासून कुणाला लागण होण्याचा धोका राहत नाही.